दिव्यांग कलावंताने रंगमंचावर आणि रेडिओवर काम कसे करावे: पुण्यातील इच्छुकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पुण्यात अभिनयाची आवड असणाऱ्या माणसाला सुरुवात कुठून करावी हा प्रश्न फारसा पडत नाही. महाविद्यालयात असताना पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा, पुढे एखादी प्रायोगिक संस्था, भरत नाट्य मंदिरात किंवा सुदर्शन रंगमंचावर होणारे प्रयोग, आणि आवाज चांगला असेल तर आकाशवाणीची नाट्यस्वर चाचणी, अशी ही वाट पिढ्यान्‌पिढ्या मळलेली आहे. मात्र ज्याला हीच वाट चाकाच्या खुर्चीवरून, कुबड्यांच्या आधाराने, न पाहता किंवा न ऐकता चालायची आहे, त्याला बहुतेक वेळा एवढेच सांगितले जाते की जिद्द सोडू नकोस. जिद्द लागतेच. परंतु तालमीच्या जागेला जिना आहे का, संहिता कोणत्या फॉन्टमध्ये मिळणार आहे आणि स्टुडिओच्या दाराला उंबरठा आहे का, हे प्रश्न आधी विचारून, लिहून आणि ठरवून घेतल्यानेच सुटतात. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे मी कॅलिपर (पायाला आधार देणारी धातूची पट्टी) आणि कुबड्या वापरतो, प्रायोगिक नाटकांत काम करतो आणि रेडिओवर निवेदन करतो. माझ्या अनुभवातून आणि दृष्टिहीन, कर्णबधिर व खुर्ची वापरणाऱ्या सहकाऱ्यांकडून जे शिकायला मिळाले, ते कामाच्या क्रमाने पुढे मांडत आहे.

आधी कागदपत्रे, मग सोयींचे टिपण

पहिले काम कागदपत्रांचे आहे आणि ते टाळू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानलेले आहेत आणि बहुतेक आरक्षणांसाठी व सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज भरावा लागतो. पुण्यात ससून सर्वसाधारण रुग्णालयात आणि औंधच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. हे कार्ड ऑडिशनमध्ये कोणी मागत नाही, मागूही नये. पण प्रवेश परीक्षा, शासकीय भरती, प्रवास सवलत आणि प्राप्तिकर या ठिकाणी त्याच्यावाचून अडते, म्हणून काम मिळण्याची वाट न पाहता ते आधीच काढून ठेवावे.

दुसरा कागद कोणतेही कार्यालय देत नाही, तो आपणच तयार करायचा असतो. मी त्याला सोयींचे टिपण म्हणतो. एका पानापेक्षा मोठे नसलेले हे टिपण दिग्दर्शकाला, निर्मात्याला किंवा कार्यक्रम अधिकाऱ्याला पाठवायचे असते. त्यात आजाराचे नाव, शस्त्रक्रियांचा इतिहास किंवा टक्केवारी यांपैकी काहीही लिहू नये, कारण वाचणाऱ्याला त्यातून काय करायचे ते कळत नाही आणि तो उगाच घाबरतो. काय हवे, केव्हा हवे आणि ते मिळाले की काम कसे होईल, एवढेच लिहावे. एका दृष्टिहीन अभिनेत्रीने तिच्या टिपणात लिहिलेला मजकूर नमुना म्हणून पाहण्याजोगा आहे: “संहिता युनिकोडमध्ये, वर्ड फाइल म्हणून, वाचनाच्या तीन दिवस आधी मिळाल्यास मी इतरांबरोबर पहिल्या वाचनाला तयार असेन. नाट्यगृहात पोहोचल्यावर रंगमंच आणि मेकअप रूम फिरून पाहण्यासाठी मला वीस मिनिटे लागतील. याखेरीज वेगळी व्यवस्था लागणार नाही.” हे वाचल्यावर निर्मात्याच्या मनात शंका उरत नाही, कारण त्याने कल्पनेने वाढवून ठेवलेली अडचण तीन ओळींत बसलेली त्याला दिसते.

युनिकोडचा आग्रह का धरायचा, हेही समजून घ्यावे. मराठी संहिता अजूनही अनेकदा जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टंकलिखित केलेल्या असतात किंवा कागदाचे फोटो काढून पीडीएफ केलेल्या असतात. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, दृष्टीने तो रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ असतो. एनव्हीडीए हा संगणकावरचा मोफत स्क्रीन रीडर आणि फोनवरचा टॉकबॅक हे दोन्ही युनिकोडमधले मराठी नीट वाचतात. त्यामुळे “मला संहिता वाचता येत नाही” असे न सांगता “फाइल युनिकोडमध्ये द्या” असे सांगावे. लेखकाकडे मूळ फाइल असतेच आणि फॉन्ट बदलण्याचे काम अर्ध्या तासाचे असते.

टिपण केव्हा पाठवावे याबद्दल मतभेद आहेत. पहिल्याच संपर्कात सगळे सांगितले तर काही लोक न पाहताच नकार देतात, आणि ऑडिशनच्या दारात सांगितले तर ऑडिशनची वेळ खुर्ची वर कशी न्यायची या चर्चेत निघून जाते. माझे मत असे आहे की प्रथम आवाजाचा किंवा अभिनयाचा नमुना पाठवावा, बोलावणे आले की त्याच दिवशी टिपण पाठवावे, आणि आदल्या दिवशी फोन करून खात्री करून घ्यावी.

शिक्षण कुठे घ्यावे

पुण्यात औपचारिक शिक्षणाच्या दोन मोठ्या जागा आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र नाट्यशिक्षण देते आणि विधी महाविद्यालय रस्त्यावरील भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत, म्हणजे एफटीआयआयमध्ये, पडद्यावरील अभिनयाचा अभ्यासक्रम चालतो. २०१६ च्या कायद्यानुसार शासकीय आणि शासन अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ४० टक्के दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि कमाल वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट असते. प्रवेश परीक्षेसाठी लेखनिक किंवा वाढीव वेळ हवा असेल तर अर्ज भरतानाच तसे नमूद करावे, कारण नंतर ही दुरुस्ती करून घेणे फार कठीण जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एफटीआयआयला रंगांधळ्या उमेदवारांसाठी सर्व अभ्यासक्रम खुले करण्याचे निर्देश दिले होते. हे प्रकरण अभिनयाच्या अभ्यासक्रमाचे नव्हते, तरी “हे काम यांना जमणार नाही” असे संस्थेने आधीच गृहीत धरू नये, हे त्यातून स्पष्ट झाले आणि म्हणून आपल्यालाही ते ठाऊक असावे.

औपचारिक शिक्षण न जमल्यास नाट्यसंस्थांच्या कार्यशाळा आणि एकांकिका स्पर्धा हेच विद्यालय होय. राज्य शासनाच्या नाट्यस्पर्धांमध्ये दिव्यांग बालनाट्य स्पर्धाही घेतली जाते आणि शाळकरी मुलांसाठी ती उत्तम सुरुवात ठरते. स्वागत थोरात यांनी दृष्टिहीन कलावंतांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ हे नाटक रंगभूमीवर आणले, तेव्हा न पाहणारा नट रंगमंचावर मोकळेपणाने हालचाल करू शकतो याविषयी प्रेक्षकांच्या मनात शंका राहिली नाही. तरीही केवळ दिव्यांगांच्या संस्थांतच काम करत राहू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. तिथे आत्मविश्वास मिळतो, पण भूमिकांचा आवाका आणि व्यावसायिक ओळखी मिश्र संचातच वाढतात.

कार्यशाळेत शिकवणारे शिक्षक बहुतेक व्यायाम उभ्या शरीरासाठी रचतात. पाय जमिनीवर घट्ट रोवा, पाठ ताठ करा, गोलात धावा. अशा वेळी बाजूला बसून पाहत राहू नये. त्या व्यायामाचा हेतू काय आहे ते शिक्षकांना विचारावे आणि तो हेतू आपल्या शरीरात कसा साधेल ते शोधावे. पाय रोवण्याचा हेतू शरीराचा भार कुठे आहे हे ओळखणे हा असेल, तर खुर्चीत बसणाऱ्याने तो भार बैठकीच्या हाडांवर आणि फूटरेस्टवर शोधावा. आवाजाचेही तसेच आहे. खुर्चीची बैठक मागे कललेली असेल तर पोट दुमडते आणि श्वास छातीतच अडकतो, म्हणून संवादाच्या वेळी उशी बदलून किंवा पुढे सरकून बसण्याचा प्रयोग करून पाहावा. मज्जारज्जूच्या वरच्या भागातील दुखापतीमुळे ज्यांचे पोटाचे स्नायू दुर्बल असतात, त्यांना पोटाला बांधण्याच्या पट्ट्याने श्वासाला आधार मिळू शकतो. मात्र तो फिजिओथेरपिस्टला दाखवूनच वापरावा. श्वास मुळातच लहान असेल तर संहितेत पेन्सिलीने श्वासाच्या जागा आखाव्यात आणि दिग्दर्शकाला त्या आखणीसह वाचन ऐकवावे. ज्याचा श्वास वाक्याच्या मध्येच संपतो त्याने तो अर्थाच्या जागी घेतला, तर ऐकणाऱ्याला ती उणीव न वाटता बोलण्याची ढब वाटते.

ऑडिशन

हल्ली बहुतेक निवड मोबाइलवर चित्रित केलेल्या नमुन्यावरून होते आणि ही पद्धत आपल्याला सोयीची आहे, कारण पहिली फेरी घरातच पार पडते. सुरुवातीला नाव, वय आणि उंची सांगताना एक पूर्ण आकृती दाखवणारी चौकट घ्यावी आणि त्यात खुर्ची, कुबडी किंवा पांढरी काठी दिसू द्यावी. ती लपवून निवड झाली तर पुढचा धक्का दोन्ही बाजूंना बसतो. त्यानंतरचा प्रवेश मात्र छातीपासून वरच्या चौकटीत, भिंतीसमोर आणि खिडकीकडे तोंड करून चित्रित करावा. दृष्टिहीन कलावंताने नजरेची दिशा ठरवण्यासाठी फोनच्या शेजारी एखाद्याला बसवून त्याच्याकडून समोरचे संवाद म्हणवून घ्यावेत. आवाजाच्या रोखाने चेहरा वळला की नजर आपोआप जागेवर येते.

तालीम आणि प्रयोग

पुण्यातील तालमी संध्याकाळी सात ते दहा या वेळेत, कुणाच्या तरी वाड्यात, शाळेच्या वर्गात किंवा इमारतीच्या गच्चीवर होतात. म्हणून संस्थेत सामील होताना नाटकाइतकीच तालमीच्या जागेचीही चौकशी करावी. जागा बदलता येत नसेल तर निदान वाचनाच्या तालमी तळमजल्यावर घेण्याची विनंती करावी. परतीच्या प्रवासाचा विचारही त्याच वेळी करावा. मेट्रोच्या स्थानकांना लिफ्ट आहेत आणि छत्रपती संभाजी उद्यान स्थानक बालगंधर्व रंगमंदिरापासून जवळ आहे, परंतु स्थानक आणि नाट्यगृह यांमधला पदपथ ही खरी अडचण असते. तो रात्रीच्या वेळी एकदा स्वतः जाऊन पाहावा. दिवसा मोकळा दिसणारा पदपथ रात्री दुचाकींनी अडलेला असतो.

नाट्यगृहांची पाहणी टेप घेऊन करावी. साधारण चाकाची खुर्ची ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद असते आणि मान्य निकषांप्रमाणे दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर हवी. मेकअप रूमचे दार चालते, पण तिथल्या शौचालयाचे दार अनेकदा अडते, म्हणून तेही मोजावे. उताराचा निकष १ ला १२ असा आहे, म्हणजे रंगमंच तीन फूट उंच असेल तर उतार छत्तीस फूट लांब लागतो. प्रेक्षागृहातून रंगमंचावर जाण्यासाठी कोणी दोन फळ्या टाकून देतो म्हणाला तर नम्रपणे आणि ठामपणे नकार द्यावा. तो उतार जीवघेणा असतो. त्याऐवजी नेपथ्याचा टेम्पो जिथे लागतो ते मागचे दार पाहावे. नेपथ्य आत नेण्यासाठी ते रुंद ठेवलेले असते आणि पुष्कळदा रंगमंचाच्या पातळीशी त्याचा फरक कमी असतो. खुर्चीसकट उचलून नेणे हा शेवटचा पर्याय समजावा, आणि तो स्वीकारावाच लागला तर कोणी, कुठे धरायचे हे खुर्चीत बसलेल्याने सांगावे.

दृष्टिहीन नटासाठी रंगमंच आखण्याची एक साधी रीत आमच्या संस्थेत रुळली आहे. प्रवेशाच्या मार्गावर सुतळी अंथरायची आणि तिच्यावरून गडद रंगाची कापडी चिकटपट्टी घट्ट चिकटवायची. प्रेक्षकांना काही दिसत नाही, पण अनवाणी पायाला किंवा पातळ तळव्याच्या चपलेला ती रेघ स्पष्ट कळते. वळणाच्या जागी सुतळीचे दोन पदर घालायचे आणि रंगमंचाच्या पुढच्या कडेच्या अलीकडे, चार फुटांवर, आडवे तीन पदर घालायचे, म्हणजे त्यापलीकडे पाऊल टाकायचे नाही हे पायालाच समजते. पावले मोजण्यावर पूर्ण विसंबू नये, कारण तालमीची खोली लहान असते, प्रत्येक नाट्यगृहाची रुंदी वेगळी असते आणि भावनेच्या भरात पाऊल लांब पडते. मोजणी करायचीच तर ती नेपथ्यातल्या स्थिर वस्तूपासून करावी, विंगेपासून नव्हे. रंगीत तालमीनंतर एखादी खुर्ची वीतभर जरी सरकवली तरी ती संबंधित नटाला सांगायची, असा नियम बॅकस्टेजच्या सर्वांसमोर बोलून ठेवावा.

कर्णबधिर नटाला क्यू, म्हणजे बोलण्याची किंवा हालचालीची खूण, कशी मिळणार हे ब्लॉकिंगच्या, म्हणजे रंगमंचावरील हालचाली बसवण्याच्या, वेळीच ठरवावे. समोरच्या नटाची एखादी हालचाल, प्रकाशातला बदल किंवा विंगेतून दाखवलेला छोटा दिवा यांपैकी जे नाटकाच्या ओघात बसेल ते निवडावे. सांकेतिक भाषेचा दुभाषक किमान वाचनाला, ब्लॉकिंगला आणि रंगीत तालमीला हवाच, आणि त्याचे मानधन निर्मितीच्या खर्चात पहिल्यापासून धरलेले असावे. नाटकातल्याच एखाद्या नटाला हे काम फुकट करायला लावले की दोघांचाही अभिनय बिघडतो. माझ्यासारख्या कुबड्या वापरणाऱ्याने अंधारातल्या एन्ट्रीबद्दल सावध राहावे. अंधारात लेव्हलवर (रंगमंचावरील उंच चौथऱ्यावर) चढण्याऐवजी अंधार होण्यापूर्वी जागेवर असणे किंवा प्रकाश आल्यावर सर्वांदेखत चालत येणे, हे दोनच मार्ग मी दिग्दर्शकापुढे ठेवतो. दुसरा मार्ग मला अधिक आवडतो, कारण चालण्याला लागणारा वेळ पात्राचाच वेळ होऊन जातो.

रेडिओ: कुठे आणि कसे शिरावे

आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ पासून सुरू आहे. इथे दोन वेगवेगळी दारे आहेत. नाट्यस्वर चाचणी उत्तीर्ण झाल्यावर श्रुतिकांसाठी बोलावणे येऊ शकते, आणि नैमित्तिक उद्घोषकांच्या निवडीसाठी जाहिरात निघते तेव्हा लेखी परीक्षा, आवाज चाचणी आणि मुलाखत द्यावी लागते. निवड झालेल्यांना ‘वाणी’ प्रमाणपत्राचे प्रशिक्षण दिले जाते. नैमित्तिक कामाला महिन्याला साधारण सहाच पाळ्या मिळतात, त्यामुळे त्यावर घर चालवण्याचा हिशेब करू नये. लेखी परीक्षेला लेखनिक हवा असल्यास अर्जासोबतच पत्र जोडावे.

पुण्यातली सामुदायिक रेडिओ केंद्रे ही शिकण्यासाठी सर्वांत मोकळी जागा आहे. विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ मेगाहर्ट्‌झवर आणि रेडिओ एफटीआयआय ९०.४ मेगाहर्ट्‌झवर ऐकू येते. सामुदायिक रेडिओच्या धोरणानुसार निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावे लागतात, म्हणून नव्या माणसाने विषय घेऊन जाणे तिथे स्वाभाविक मानले जाते. “मला काम द्या” असे म्हणण्यापेक्षा पंधरा मिनिटांच्या मालिकेची चार भागांची रूपरेषा आणि एका भागाचे ध्वनिमुद्रण घेऊन जावे. खासगी एफएममध्ये दोन-तीन मिनिटांचा नमुना मागतात. त्यात गाणी घालू नयेत, फक्त आपल्या लिंक, म्हणजे गाण्यांच्या मधली निवेदने, जोडाव्यात आणि पहिल्या दहा सेकंदांतच आपला खरा स्वर ऐकू येईल असे करावे. याशिवाय श्राव्य पुस्तके, जाहिराती आणि डबिंग यांचे काम घरून करता येते आणि प्रवास कठीण असणाऱ्यांसाठी तोच सर्वांत स्थिर उत्पन्नाचा भाग ठरतो.

स्टुडिओच्या आत

रेडिओवर दिव्यांगत्व दिसत नाही म्हणून ते काम सोपे, असा समज आहे. तो खरा नाही, कारण मायक्रोफोन सगळे ऐकतो. कुबडीच्या रबरी बुडाची करकर, कॅलिपरच्या सांध्याची खटखट, खुर्चीच्या ब्रेकची टकटक आणि काठी टेबलाला टेकवल्याचा आवाज हे सर्व ध्वनिमुद्रणात उतरते. मी स्टुडिओत बसल्यावर गुडघ्याचे कुलूप उघडून पाय एकदाच नीट ठेवतो, कुबड्या हाताच्या अंतरावर जमिनीवर आडव्या ठेवतो आणि लाल दिवा विझेपर्यंत पुन्हा हलत नाही. खुर्ची वापरणाऱ्याने खुर्चीच्या सांध्यांना घरीच तेल घालावे आणि धातूच्या हातांवर मऊ कापड गुंडाळावे.

ध्वनिरोधक स्टुडिओला एकामागे एक अशी दोन जड दारे असतात आणि मध्ये अरुंद जागा असते. पुष्कळ ठिकाणी दाराखाली उंबरठाही असतो. एक दार बंद केल्याखेरीज दुसरे उघडत नसेल तर खुर्ची मध्येच अडकते, म्हणून थेट प्रक्षेपणाच्या दिवशी नव्हे, तर त्याआधी एकदा आत जाऊन बाहेर येण्याची तालीम करावी. आतले टेबल खुर्चीच्या हातांपेक्षा बुटके असेल तर मायक्रोफोनपर्यंत पोहोचता येत नाही; तेव्हा टेबलावरच्या स्टँडऐवजी आडव्या दांड्याचा स्टँड मागावा. तो जवळजवळ सर्व स्टुडिओंत असतो, फक्त मागावा लागतो.

दृष्टिहीन निवेदकाच्या बाबतीत तीन गोष्टींची व्यवस्था लागते: मजकूर, घड्याळ आणि पॅनेल. मजकूर ब्रेलमध्ये असल्यास कागदाखाली जाड कापड अंथरावे, म्हणजे बोटांचा आणि पान उलटण्याचा आवाज येत नाही. संगणकावरून वाचायचे असेल तर एका कानात स्क्रीन रीडरचा आवाज घेऊन तेच वाक्य अर्धा क्षण मागे राहून आपल्या शैलीत बोलण्याची पद्धत अनेकजण वापरतात. सुरुवातीला ही कसरत भयंकर वाटते आणि आवाज यंत्रासारखा सपाट होतो. म्हणून आधी संपूर्ण लिंक पाठ करून केवळ मुद्द्यांचे शब्द कानात घ्यावेत, मग हळूहळू पूर्ण वाक्यावर यावे. स्क्रीन रीडरचा वेग आपल्या बोलण्यापेक्षा थोडा अधिक ठेवावा. हेडफोनमधून तो आवाज मायक्रोफोनमध्ये गळत नाही ना, हे प्रत्येक वेळी अभियंत्याला ऐकायला सांगावे.

वेळ कळण्यासाठी ब्रेल घड्याळ सर्वांत शांत असते. पॅनेलवरील कोणता फेडर (आवाज कमी-जास्त करण्याची सरकती कळ) आपल्या मायक्रोफोनचा आणि कोणता गाण्यांचा, हे कळावे म्हणून नखांना लावायच्या पॉलिशचा एकेक थेंब बाजूला लावून वाळू द्यावा. तो बोटाला लागतो आणि नंतर निघूनही जातो. आवाजाची पातळी दाखवणारा मीटर दिसत नसल्यामुळे अभियंत्याबरोबर शांत, मध्यम आणि मोठ्या आवाजातली एकच ओळ बोलून फेडरची जागा हाताने लक्षात ठेवावी. लाल दिव्याऐवजी स्टुडिओच्या टॉकबॅकवरून, म्हणजे अभियंता हेडफोनमध्ये बोलतो त्या सोयीवरून, “तयार” असा एक शब्द सांगण्याचे ठरवून घ्यावे. घरी संपादन करण्यासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर एनव्हीडीएबरोबर चालते, आणि पुढे मोठे काम करायचे असेल तर रीपर हे सॉफ्टवेअर ओसारा या मोफत जोडणीसह शिकावे; दृष्टिहीन ध्वनिसंपादक ते जगभर वापरतात.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या निवेदकाने हेडफोन निवडताना काळजी घ्यावी. कानावर दाबून बसणाऱ्या हेडफोनमुळे यंत्राची शिट्टी सुरू होते आणि ती मायक्रोफोनमध्ये शिरते. कानाभोवती मोठी वाटी बसवणारा हेडफोन किंवा थेट यंत्रात आवाज पोहोचवणारी ब्लूटूथची सोय हे पर्याय आधी घरी तपासावेत. श्रोत्यांच्या फोनवरील बोलणे नीट कळत नसेल, तर समोर संगणकावर सहकाऱ्याने प्रश्न टंकलिखित करून देणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. बोललेले मराठी अक्षरांत दाखवणारी फोनमधली लाइव्ह ट्रान्सक्राइबसारखी सोय मदतीला ठेवावी, पण थेट प्रक्षेपणात केवळ तिच्या भरवशावर राहू नये.

कोणत्या भूमिका घ्याव्यात

दिव्यांग नटाकडे येणाऱ्या भूमिका बहुधा दोन प्रकारच्या असतात: दयेला पात्र ठरलेला भाऊ किंवा सर्वांना लाजवणारा पराक्रमी वीर. संहिता वाचताना मी एकच कसोटी लावतो. पात्राचे दिव्यांगत्व काढून टाकले तर त्याला काही हवे आहे का, ते कोणावर रागावते का, कोणाला फसवते का? उत्तर नकारार्थी आले तर लेखकाशी बोलावे. पुष्कळ लेखक ऐकतात, कारण त्यांनी असा माणूस जवळून पाहिलेला नसतो. वकील, शेजारी, घरमालक अशा भूमिकांसाठीही आपणहून नाव सुचवावे, जिथे संहितेत दिव्यांगत्वाचा उल्लेखच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर दिलेल्या निकालात दृक्‌-माध्यमांतील दिव्यांगांच्या चित्रणासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत. दिव्यांगत्वाविषयी समज वाढवणारा विनोद आणि दिव्यांग व्यक्तीला हीन लेखणारा विनोद यांत न्यायालयाने फरक केला, आणि चित्रणाच्या निर्मितीत दिव्यांगांचा सहभाग असावा असे म्हटले. एखाद्या प्रवेशातला हिणकस विनोद बदलावा असे वाटत असेल, तर भांडण्यापेक्षा या निकालाचा उल्लेख करून पर्यायी ओळ लिहून देणे जास्त उपयोगी पडते.

मानधन आणि करार

इथे थोडक्यात सांगतो. नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे मानधन, इतर नटांइतकीच मागावी. सोयी दिल्या म्हणून मानधन कमी करण्याची सूचना मान्य करू नये. मदतनीस लागत असेल तर त्याचा प्रवास, जेवण आणि राहण्याची जागा कोण देणार हे करारात लिहून घ्यावे. दौऱ्यावर तळमजल्यावरील खोली आणि बसच्या पुढच्या भागातली जागा हेही लिहूनच घ्यावे, कारण दौऱ्याच्या पहाटे तोंडी कबुली कोणाच्याच लक्षात राहत नाही. मानधनातून कापलेल्या कराचे प्रमाणपत्र दरवेळी मागून घ्यावे. जुनी करप्रणाली निवडणाऱ्या दिव्यांग करदात्याला ७५,००० रुपयांची आणि ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते.

नकार किंवा अपमान झाल्यास

प्रत्येक नकार हा भेदभाव नसतो आणि हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे लागते. परंतु आवाज चाचणी उत्तीर्ण झाल्यानंतर केवळ “आमच्याकडे लिफ्ट नाही” म्हणून काम नाकारले गेले, तर तो कायद्याचा विषय होतो. २०१६ च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेला समान संधीचे धोरण जाहीर करणे बंधनकारक केले आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने त्यात द्यावयाच्या सोयींचाही तपशील द्यावा लागतो. शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो. चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करण्यासाठी कलम ९२ खाली सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दंडाची तरतूद आहे.

प्रथम त्या संस्थेलाच ईमेल पाठवावा आणि त्यात काय सोय मागितली होती, कधी मागितली आणि काय उत्तर आले एवढेच लिहावे. उत्तर न आल्यास राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे अर्ज करता येतो. त्यांचे कार्यालय पुण्यातच, चर्च रोडवर आहे, ही आपल्यासाठी मोठी सोय आहे, आणि चौकशीसाठी साक्षीदारांना बोलावण्याचे व कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत. अर्जासोबत यूडीआयडी कार्डाची प्रत, ऑडिशनचे बोलावणे, सोयींचे टिपण पाठवल्याचा ईमेल आणि नकाराचा संदेश तारखेच्या क्रमाने जोडावा. नकार तोंडी मिळाला असेल तर त्याच दिवशी “आज आपण फोनवर असे सांगितलेत, ते बरोबर समजलो ना?” असा संदेश संबंधितांना पाठवावा, म्हणजे तोही कागद होतो.